हेडफोन मस्त, वॉरंटीचा मात्र मनस्ताप: बिजागरीला तडा गेला आणि कंपनी म्हणते तुम्हीच पाडला

आधीच सांगते, हेडफोनच्या आवाजाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती बिजागरीबद्दल आणि त्याहून जास्त वॉरंटीच्या नावाखाली जे काही चालतं त्याबद्दल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असाच अनुभव ओळखीतल्या दोघा-तिघांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेडफोनबाबत आलाय आणि नाव लिहिलं की सगळी चर्चा त्या एका कंपनीवर घसरते, मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

तर हेडफोन कान पूर्ण झाकणारा, घडी होणारा, नॉइज कॅन्सलिंगवाला. ४० मिमीचे ड्रायव्हर म्हणजे आतले छोटे स्पीकर, फोन आणि लॅपटॉप दोन्हीला एकाच वेळी कनेक्ट राहतो, एलडॅक कोडेक (ब्लूटूथवरून जास्त चांगल्या दर्जाचा आवाज पाठवायची पद्धत) आहे म्हणजे फोनमध्ये सपोर्ट असेल तर ९९० केबीपीएसपर्यंत जातं. बास भरपूर आहे पण गाणाऱ्याचा आवाज त्याखाली दबत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. नॉइज कॅन्सलिंग पंखा, एसी, इंजिन असली एकसुरी घरघर जवळजवळ पुसून टाकतं, शेजारी बोलणारी माणसं मात्र ऐकू येतात, ते सगळ्याच हेडफोनमध्ये येतात, त्यात या मॉडेलचा दोष नाही. बॅटरी चांगली चालते, कॉलवर समोरच्याला माझा आवाज नीट जातो, तासन्‌तास घातला तरी कान दुखत नाहीत. आवाजापुरतं बोलायचं तर मी पाचपैकी साडेचार देईन आणि आजही देते.

पण वर्ष व्हायच्या आतच, वॉरंटी चालू असतानाच, डोक्यावर चढवताना उजवीकडून बारीक कट्‌ असा आवाज यायला लागला. नंतर उजव्या बाजूचं गाणं मधेच जायचं, मान फिरवली की परत यायचं, हेडफोन थोडा ताणला की खरखर. मी आधी फोनमधलं डावं-उजवं बॅलन्सचं सेटिंग बघितलं, दुसऱ्या फोनला लावून बघितला, रिसेट मारला, मग सोबत आलेली वायर लावूनही ऐकलं, वायरवरही तसंच येत-जात होतं म्हणजे ब्लूटूथचा संबंधच नाही. मग उजव्या कपाची घडी अर्धवट उघडून बिजागरीवर टॉर्च मारला तेव्हा दिसलं. आतल्या बाजूला एक छोटा स्क्रू आहे, त्याच्या भोकाच्या कडेपासून केसासारखी बारीक भेग निघून वर डोक्यावरच्या पट्टीच्या दिशेने गेलीये, भेगेच्या सुरुवातीला प्लास्टिक किंचित पांढरं पडलंय आणि कप बाहेर ओढला की भेग नखाएवढी उघडते, सोडला की मिटते. आणि त्या उघड्या भेगेतून आतली वायर दिसते. या हेडफोनमध्ये एका कपातून दुसऱ्या कपात वायर पट्टीतूनच जाते, त्यामुळे बिजागरी हलली की वायर ताणली जाते आणि आवाज जातो. दोन वेगळे बिघाड नव्हतेच, एकाच भेगेने दोन्ही केलं.

आता मुद्द्याची गोष्ट. हेडफोन पडून फुटला की वापरून तुटला हे प्लास्टिककडे बघून बऱ्यापैकी कळतं, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पडला असेल तर जिथे आपटला तिथे काहीतरी खूण राहते, कपाच्या कडेला घासल्याचा पांढुरका ओरखडा, चेपलेला कोपरा, रंग उडालेला, आणि मोडतं ते बहुतेक एका दणक्यात. माझ्या हेडफोनच्या दोन्ही कपांवर बाहेरून एक ओरखडा नव्हता, कडा जशाच्या तशा. भेग सुरू झाली होती आतून, स्क्रूच्या भोकापासून, म्हणजे बरोब्बर जिथे ताण एकवटतो तिथून. प्लास्टिकमध्ये भोक किंवा टोकदार आतला कोपरा असला की सगळा ताण त्या जागी गोळा होतो, रोज हेडफोन फाकवायचा, घालायचा, काढायचा, घडी करायची, प्रत्येक वेळी थोडा थोडा ताण, आणि एक दिवस भेग सुरू होते, मग ती रोज थोडी पुढे सरकते. याला इंजिनिअरिंगमध्ये फटीग म्हणतात, तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तसंच. स्क्रू कारखान्यात गरजेपेक्षा जास्त आवळला असेल तर हे आणखी लवकर होतं. शिवाय एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही प्लास्टिकं ताणाखाली असताना त्यांना त्वचेचं तेल, सनस्क्रीन, क्रीम असलं काही लागत राहिलं तर ती तडकतात, हे त्या धंद्यातल्या लोकांना चांगलं ठाऊक असतं. आणि डोक्यावर घालायच्या वस्तूला त्वचेचं तेल लागणारच ना, ते काय मी मुद्दाम लावलं? म्हणून तर काही कंपन्या त्या जागी धातूची बिजागरी देतात किंवा काच-तंतू मिसळलेलं नायलॉन वापरतात.

हे सगळं इतकं सविस्तर लिहितेय कारण पुढचा सगळा वाद याच एका गोष्टीवर झाला.

तक्रार करायला गेलं की आधी चॅटबॉट, त्याला "तडा" कळत नाही, तो आपला चार्ज करून बघा, ॲप अपडेट करा म्हणत राहतो. माणूस हवा असं तीन-चार तऱ्हेने लिहिल्यावर माणूस येतो. त्याने तक्रारीचं तिकीट काढलं, बिल आणि सीरियल नंबर मागितला, फोटो मागितले, मी सगळं पाठवलं. बिजागरीचे जवळून फोटो, कपांचे चारी बाजूंनी फोटो, आणि कप ओढल्यावर भेग कशी उघडते आणि आवाज कसा जातो याचा छोटा व्हिडिओ. हे सगळं हेडफोन हातातून सोडायच्या आधी काढलेलं, हे फार महत्त्वाचं, कारण का ते पुढे येतंय.

सर्व्हिस सेंटरला हेडफोन द्यायला गेले तर तिथल्या मुलाने एकदा उलटसुलट केल्यासारखं केलं आणि जॉबशीट, म्हणजे वस्तू कुठल्या अवस्थेत जमा केली त्याचा कागद, छापून सहीला पुढे केली. मी वाचली. "कंडिशन" या रकान्यात लिहिलेलं, सगळीकडे ओरखडे, कप डॅमेज. मी म्हटलं, दादा, ओरखडे कुठे आहेत दाखवा. तो म्हणाला, मॅडम ते सिस्टीममध्ये डिफॉल्टच येतं, सगळ्यांनाच येतं, सही करा. म्हटलं, डिफॉल्ट असेल तर बदला, नाहीतर मी सही करत नाही. तो आत गेला, कोणाला तरी विचारून आला आणि शेवटी पेनाने खोडून "उजव्या बिजागरीला आतून तडा, बाहेरून ओरखडे नाहीत, उजवा आवाज बंद-चालू" असं लिहिलं, खाली शिक्का मारला. त्या पोराचा मला राग नाही, त्याला वरून जे सांगितलंय तेच तो करतोय, उलट त्याने खोडून लिहून दिलं हे त्याचं चांगुलपण. पण विचार करा, किती जण ती जॉबशीट वाचतात? न वाचता सही केली की हेडफोन ओरखड्यांसकट आला होता हे आपणच कबूल केलेलं असतं, मग नंतर कितीही बोंबला.

मग उत्तर आलं. एका ओळीचं. फिजिकल डॅमेज, कस्टमर इंड्यूस्ड (म्हणजे ग्राहकानेच केलेलं), वॉरंटीत बसत नाही, सोबत एस्टिमेट. एस्टिमेट नव्या हेडफोनच्या निम्म्याहून जास्त, कारण नुसती बिजागरी ते बदलत नाहीत, पट्टी अख्खी बदलतात. नको असेल तर हेडफोन परत घेऊन जा, तपासणीचे पैसे भरा. वॉरंटीतली वस्तू, तडा आतून, आणि वर तपासणीचे पैसे मीच भरायचे! खरंच खूप चीड आली. पैसे जाणार याचं दुःख होतंच, पण कोणी एकाने तरी ती भेग नीट बघितली असेल असं त्या उत्तरात कुठेच दिसत नव्हतं. तुटलंय म्हणजे पाडलंय, एवढाच हिशोब.

मी फोनवर भांडायचं नाही असं ठरवलं. फोनवर जे बोललं जातं त्याला काही अर्थ राहत नाही, प्रत्येक वेळी नवा माणूस, पहिल्यापासून रामायण सांगा, तो म्हणतो नोट केलंय आणि काहीच केलेलं नसतं. मेलच केला. जॉबशीटचा फोटो जोडला, वॉरंटीच्या कागदावरचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, साहित्यातला किंवा बनावटीतला दोष कव्हर आहे असं तिथे लिहिलेलं आहे, आणि तीन गोष्टी विचारल्या: आपटल्याची खूण नेमकी कुठे सापडली त्याचा फोटो द्या, भेग स्क्रूच्या भोकापासून का सुरू झाली ते सांगा, आणि हा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घेतला त्याचा टेक्निकल रिपोर्ट द्या. रागाचा एक शब्द लिहिला नाही.

यावर जे उत्तर आलं ते मी जपून ठेवलंय. आता म्हणे हे नॉर्मल वेअर अँड टेअर आहे, रोजच्या वापराने झालेली झीज, आणि झीज वॉरंटीत येत नाही. अहो पण पहिल्या पत्रात तर मी पाडला होता! पाडला असेल तर झीज नाही आणि झीज असेल तर पाडला नाही, दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? आणि झीज म्हणजे काय, तर कानाच्या गाद्या झिजतात, त्यांचं कव्हर सोलवटतं, बॅटरी हळूहळू कमी टिकायला लागते, ते मान्य, त्या झिजणाऱ्या वस्तूच आहेत. बिजागरी हा हेडफोनचा सांगाडा आहे. घडी होणारा हेडफोन म्हणून विकायचा, खोक्यावर घडी केलेला फोटो छापायचा, आणि वर्षाच्या आत घडी करून करून तुटला तर म्हणायचं वापरल्यामुळे तुटला. मग वापरायचा नाही तर काय कपाटात ठेवायचा?

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. वॉरंटी नाकारताना कंपनीने कारण बदललं. ज्याच्याकडे खरं कारण असतं त्याला ते बदलावं लागत नाही. तुम्हाला असा नकार आला तर पहिल्यांदा तेवढंच करा, कारण लेखी मागा आणि पुराव्यासकट मागा, आणि ते जपून ठेवा. पुढच्या वेळी ते वेगळं कारण देण्याची शक्यता बरीच असते आणि मग दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवायची.

मधल्या काळात मी जिथून घेतला त्या विक्रेत्यालाही लिहिलं. त्यांचं ठरलेलं, आमची रिटर्नची मुदत संपली, आता कंपनीशी बोला. कंपनी म्हणते विक्रेत्याशी बोला. ही टोलवाटोलवी जगभर सारखीच दिसते, पण कायदा सगळीकडे यांच्या बाजूने नाहीये हे लक्षात ठेवा. युरोपियन युनियनच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे वस्तू दिल्यापासून २ वर्षं विक्रेता जबाबदार असतो आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं, नव्हता हे सिद्ध करायचं काम विक्रेत्याचं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात दोष मुळातच होता असं धरायची ही मुदत ६ महिन्यांची आहे. ऑस्ट्रेलियात वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे ही हमी कायद्यानेच दिलेली असते, कंपनीची वॉरंटी संपली म्हणून ती संपत नाही. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींवर तक्रार करता येते, आणि ती आपण जिथे राहतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे करता येते. कंपनीची वॉरंटी हा तिने स्वतःहून दिलेला शब्द, कायद्याने दिलेला हक्क वेगळा, आणि कस्टमर केअरवाले कायम पहिल्याबद्दलच बोलतात, दुसऱ्याचं नावही काढत नाहीत. कार्डाने पैसे भरले असतील तर कार्डाची माहितीपुस्तिका पण एकदा चाळा, काही कार्डांवर खरेदीचं संरक्षण किंवा वाढीव वॉरंटी असते आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं.

मी शेवटचा मेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला केला. त्यात त्यांचीच दोन उत्तरं तारखांसकट एकाखाली एक ठेवली, यातलं खरं कोणतं एवढंच विचारलं, आणि ठराविक मुदतीत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक तक्रार करणार असं स्पष्ट लिहिलं. उगाच धमकी म्हणून लिहिलं नव्हतं, कागदपत्रांची फाईल खरंच तयार होती. आणि मग अचानक फोन आला, आवाजात एकदम मध, "तुमची केस आम्ही एक्सेप्शन म्हणून मंजूर करतोय". एक्सेप्शन! म्हणजे चूक झाली असं म्हणायचं नाही, उपकार करतोय असं दाखवायचं. मी तिथेच सांगितलं की मला उपकार नकोय, वॉरंटीत मंजूर झाली असं लेखी द्या. ते त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही. "गुडविल रिप्लेसमेंट" असं लिहून आलं. याचा फरक काय पडतो तर पुढच्या माणसाला तोच तडा गेला की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, कारण त्यांच्या रेकॉर्डला दोष असा नोंदलाच गेला नाही.

बदली मिळाला तो रिफर्बिश्ड आहे, नवा नाही, पांढऱ्या खोक्यात, पाऊच नाही वायर नाही. बघायला स्वच्छ आहे, गाद्या नव्या वाटतात, आवाज अगदी पहिल्यासारखाच. वॉरंटी मात्र जुन्या बिलाच्या तारखेपासूनच मोजणार, म्हणजे हेडफोन सर्व्हिस सेंटरला पडून होता तो सगळा काळ माझ्या वॉरंटीतून वजा. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि मी तसं कळवलंय.

आणि एक गोष्ट, जी बघून मी थक्क झाले. या बदली हेडफोनची बिजागरी वेगळी आहे. आधी स्क्रूच्या भोकाभोवती प्लास्टिकची पातळ भिंत होती, आता ती चांगली जाड आहे, स्क्रूखाली धातूची चकती आहे आणि जो आतला कोपरा टोकदार होता तो गोल केलाय. जुन्याचे जवळून काढलेले फोटो माझ्याकडे आहेतच, शेजारी ठेवले की सरळ दिसतं. मॉडेलचं नाव तेच, खोक्यावर काही उल्लेख नाही. डिझाईन सुधारलं ही चांगलीच गोष्ट आहे, सुधारायलाच हवं होतं. पण जिथे तडा जातो नेमकं तिथेच मजबुतीकरण करायचं आणि ज्यांच्या हातात जुना माल आहे त्यांना सांगायचं की तुम्ही पाडला, हे मला मान्य नाही.

घ्यावा का विचाराल तर, आवाजासाठी आणि नॉइज कॅन्सलिंगसाठी हो, पण घडी होणारा कुठलाही हेडफोन घेताना आधी बिजागरी उघडून बघा. धातूची आहे का, स्क्रूच्या भोवती प्लास्टिक किती जाड आहे, कप फाकवल्यावर करकर होते का. दुकानात बघता येत नसेल तर रिटर्नची मुदत असेपर्यंत घरी बघा. खोकं उघडताना फोटो काढा, बिल फोनमध्ये सेव्ह करा, थर्मल कागदावरचं बिल काही काळाने पुसट होत जातं. सर्व्हिससाठी पाचपैकी दीड, आणि तो दीड पण त्या जॉबशीट खोडून लिहून देणाऱ्या मुलामुळे.

ज्यांच्याकडे घडीचा हेडफोन आहे आणि वॉरंटी अजून शिल्लक आहे त्यांनी आजच दोन्ही बिजागऱ्यांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून बघा, स्क्रूच्या भोकाजवळ प्लास्टिक पांढरं पडलेलं दिसलं तर आवाज जायची वाट बघू नका, तिथल्या तिथे फोटो काढा आणि तिकीट टाका. तेव्हा भेग छोटी असते, बाहेरून हेडफोन नवाकोरा दिसतो, आणि पाडला म्हणायला त्यांच्याकडे जागाच उरत नाही.